तीन बोटांचं अंतर

माझ्या थोरल्या बहिणीचे हात आखूड नव्हते. ते तसे आहेत असं ती आयुष्यभर धरून चालली, आणि तिचा तो समज माझ्यामुळे झाला. हे आधीच लिहून टाकतो. एकदा घर, कारखाना, सायकल यांच्या आठवणी सुरू झाल्या की मी त्यातच रमेन आणि मूळ गोष्ट मागं राहील. याआधीही असंच झालं आहे. लिहायला बसलो, आईच्या पिठल्यापर्यंत आलो आणि वही मिटून उठलो.

बारामती आणि इंदापूरच्या मधे, कालव्याच्या अंगाला एका साखर कारखान्याची चाळ होती. तिथं आम्ही राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गळीत हंगाम सुरू झाला की त्यांची रात्रपाळी लागायची आणि आमच्या घराचा आवाज बंद व्हायचा. आबा सकाळी यायचे, अंगाला ग्रीस आणि मळीचा आंबूस वास असायचा, गरम पाण्यानं अंग धुवून भाकरी खायचे आणि पुढच्या खोलीत पडदा ओढून झोपायचे. मग दिवसभर आम्ही कुजबुजत बोलायचो. शिट्टी होऊ नये म्हणून आई डाळ कुकरमध्ये न लावता पातेल्यात शिजवायची. पाट्यावर चटणी वाटायची असली तर पाटा उचलून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर न्यायची. हसू आलं तर आम्ही तोंडात ओढणी नाहीतर बाही कोंबायचो. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज, भोंगा, ट्रॅक्टर, सगळं चालू असायचं आणि त्यानं आबांची झोप कधी मोडायची नाही. घरात पेला पडला की मात्र ते दचकून उठायचे. माझा मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा म्हणतो, पप्पा, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. ही सवय तिथली आहे. बायको गेल्यापासून तर घरात कुणाला काही ऐकू जायचं कारणच उरलेलं नाही.

शालनताई माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठी. ती सकाळच्या एसटीनं बारामतीला कॉलेजला जायची तेव्हा आबा पाळीवरून निघालेले नसायचे. ती परत यायची तेव्हा ते झोपलेले असायचे. ते उठायचे तेव्हा ती आईबरोबर रांधायला लागलेली, आणि आबा चहा घेऊन ओट्यावर बसायचे. एका घरात राहून बाप-लेक आठवडेच्या आठवडे एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण मुळीच नव्हतं. मुलगी मोठी झाली, आता तिच्याशी काय बोलायचं हे आबांना समजत नव्हतं, आणि तिलाही. मग बोलणं माझ्यामार्फत चालायचं. "दत्त्या, आबांना सांग पास संपलाय." "दत्ता, ताईला म्हणावं अंधार पडायच्या आत येत जा." आमच्या चाळीत बऱ्याच घरांत असा एक मधला पोर असायचाच. त्या कामाचा मला कंटाळा नव्हता, उलट मोठेपणा वाटायचा. दोघांचंही गुज माझ्याजवळ आहे असं वाटायचं.

आता सायकल. आबांकडे एक निळी रेसर होती. कारखान्यातल्या एका जुन्या इंजिनिअरनं बदलीच्या वेळी ती त्यांना देऊन टाकली होती. पोलादी, सडपातळ, आडवा दांडा अगदी सरळ, हँडल बोकडाच्या शिंगासारखं खाली वळलेलं, गिअरच्या काड्या खालच्या दांड्यावर. तरुणपणी आबा तिच्यावरून शर्यतीत उतरले होते. उंच माणूस, लांब हात. सायकल त्यांच्या मापाची होती, आणि त्यात सगळ्यात जास्त त्यांच्या मापाचा होता तो स्टेम. ज्यांनी साधीच सायकल चालवली आहे त्यांच्यासाठी सांगतो. हँडल थेट सायकलीला जोडलेलं नसतं. मधे इंग्रजी सातच्या आकड्यासारखा एक तुकडा असतो. त्याचा उभा भाग पुढच्या नळीत उतरतो आणि आडवा भाग पुढे जाऊन हँडलला धरतो. हा आडवा भाग लांब असेल तर हँडल लांब जातं, आखूड असेल तर जवळ येतं. फरक दिसायला दोन-तीन बोटांचा, पण चालवणाऱ्याची मान, खांदे, तळहात सगळं त्या दोन-तीन बोटांवर असतं. आबा एक पद्धत सांगायचे. कोपर सीटच्या टोकाला टेकवायचं आणि हात हँडलकडे लांब करायचा. बोटांची टोकं हँडलला लागली तर सायकल तुमची. आबांची बोटं बरोबर लागायची. हल्ली रविवारी सकाळी बारामतीत हेल्मेट घातलेली मंडळी घोळक्यानं निघतात. चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडी 'फिट' हा शब्द सारखा येतो, संगणकावर मापं घेतात म्हणे. मी शेजारी बसून ऐकतो आणि कोपर मांडीवर ठेवून बसतो.

ताई कॉलेजात असताना एका वर्षी इंदापूरच्या एका तरुण मंडळानं सायकल शर्यतीत पहिल्यांदाच मुलींना घेतलं. मुलींनी लासुर्ण्यापासून निघायचं आणि इंदापूरला पोचायचं. ताई लेडीज सायकलवरून कालव्याच्या रस्त्यानं पोरांना मागं टाकायची हे चाळीला ठाऊक होतं. आबांनाही ते ठाऊक असावं. एका संध्याकाळी चहा पिता पिता ते मला म्हणाले, "ताईला म्हणावं, निळी काढ." एवढंच. ताईनं ते ऐकलं आणि हातातली कणीक तशीच ठेवून बाहेर गेली. अंधार पडेपर्यंत सायकल पुसत बसली.

त्या निळीवर माझं मन होतं. ती पुढं माझीच, असं मी धरून चाललो होतो. मुलाची जात, मी शर्यती मारणार, आबांसारखा होणार. मी काही बोललो नाही, कारण आमच्या घरात कुणी बोलत नसे.

ताईला सीट खाली करून पाय पुरले. हात पुरले नाहीत. हँडल धरायला तिला कोपरं ताठ करून पुढं वाकावं लागायचं, ब्रेकपर्यंत बोटं ताणावी लागायची. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं सीट पुढं सरकवली, तर गुडघे दुखायला लागले. सीट परत मागं घेतली. आठवडाभरानं तिनं मला गाठलं. "दत्त्या, आबांना विचार की. हँडल जरा जवळ येतं का? तीन बोटं आलं तरी पुरंल. लई ताण बसतुया."

मी विचारलं. आबा म्हणाले, "बघू." मी तिला तसं सांगितलं. इथपर्यंत माझ्या हातून काही चुकलं नव्हतं.

मग एका दुपारी मी शाळेतून आलो तर आबा मागच्या अंगणात उभे होते. झोपायच्या वेळेला जागे. दोरीवर ताईचा स्वेटर वाळत होता, त्यावर कारखान्याच्या धुराड्यातली काजळी बसली होती. आबांनी आधी ती फुंकून उडवली. मग सुतळी काढली आणि स्वेटरच्या बाहीवर लावली, खांद्यापासून मनगटापर्यंत. गाठ मारली. तीच सुतळी स्वतःच्या हातावर धरून पाहिली. मी दारात उभा होतो. मला बघून ते ओशाळल्यासारखे झाले. सुतळी खिशात घालून म्हणाले, "काय न्हाय. जा, जेव जा." माझ्या कपड्यांना आबांनी असं कधी माप लावलं नव्हतं.

शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी, पाळीवर जाताना, आबांनी मला ओट्याखाली बोलावलं आणि चिंधीत गुंडाळलेली एक वस्तू दिली. स्टेम होता. भंगारातला जुना स्टेम कापून, मधला भाग काढून, त्यांनी तो पितळेनं परत जोडला होता. जोड इतका साफ घासला होता की बोटाला लागत नव्हता. आडव्या भागावर पितळेची एक बारीक पिवळी रेघ तेवढी गोल फिरली होती. "ताईच्या सायकलीला बसव," आबा म्हणाले. "तुला येतंय. नट सैल कर, वरनं लाकडाचा ठोका दे, निघतुया. आणि तिला म्हणावं..." ते थांबले. भोंगा झाला. "काय न्हाय. बसवून दे."

मी बसवला नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आधी मनात म्हणालो, उद्या. मग म्हणालो, बसवला तर सायकल कायमची तिची. मी तो स्टेम चिंधीसकट माळ्यावर, तुपाच्या जुन्या डब्यात टाकला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ताई चुलीपुढं बसून तव्यावरची भाकरी उलटत होती. माझ्याकडे न बघता तिनं कुजबुजत विचारलं, "आबा काय म्हणले रं, हँडलचं?"

"काय न्हाय म्हणले," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. आबा काही म्हणाले नाहीत, यात न पटण्यासारखं काय होतं?

शर्यतीच्या मागं पाण्याचा पिंप घेऊन मंडळाचा टेम्पो होता, त्यात मी होतो. ताई लासुर्ण्यातून सगळ्यांच्या पुढं निघाली. कमरेला ओढणी गच्च बांधलेली. समोरून वारा होता. अंथुर्ण्यापर्यंत ती पुढंच होती. मग ती एक हात सोडून झटकायला लागली, मग दुसरा. मान वर करता येईना म्हणून चाकाखालच्या रस्त्याकडे बघून चालवायला लागली. एकेक मुलगी तिच्या शेजारून गेली. साध्या सायकली, काळ्या, जाड, मागं कॅरिअर असलेल्या. शेळगावच्या अलीकडे एका रसवंतीपुढं तिनं पाय टेकवला आणि सायकल हातात धरून नुसती उभी राहिली. टेम्पो थांबला. मी उडी मारून खाली उतरलो.

"काय झालं?"

"हात बधिर झाल्यात." ती तळहात वर करून बघत होती. लाल झाले होते. "सायकल झ्याक हाय रं. माझेच हात पुरत न्हाईत. आखूड हाईत."

टेम्पोवाला म्हणाला, "चढ पोरी, ऊन लागंल. जमायचं न्हाय त्यात काय रडायचं!" ती रडत नव्हती. सायकल टेम्पोत आडवी टाकली. निमगाव केतकी गेलं, इंदापूर आलं, तेवढा वेळ ती आणि मी मागं समोरासमोर बसलो होतो आणि आमच्यामधे ती सायकल होती. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. ती एकदाच बोलली. "आबांना वाईट वाटंल."

आबा आले असतील असं मला वाटलं नव्हतं. रात्रपाळी करून, न झोपता, एसटीनं ते थेट इंदापूरला आले होते. शर्यत जिथं संपते तिथं गर्दीच्या कडेला उभे होते, डोळे लाल, हातात कापडी पिशवी. सगळ्या मुली येऊन गेल्या तरी ते रस्त्याकडेच बघत होते. मग टेम्पो आला. मी आणि टेम्पोवाल्यानं सायकल उतरवली. ताई पलीकडे पिंपाच्या नळाशी तोंड धुवायला गेली. आबा सायकलपाशी आले. त्यांनी हँडलकडे पाहिलं, आणि स्टेमवरून अंगठा फिरवला. पिवळी रेघ असायला हवी होती तिथून.

"बसवला न्हाईस?"

ताई फार लांब नव्हती. पाण्याचा आवाज होता, म्हणून तिला ऐकू गेलं नाही. मी खालच्या आवाजात म्हणालो, "तिला नको हुता. हाय तोच ऱ्हाऊ दे म्हणली."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे, तिच्या पाठीकडे. "बरं," ते म्हणाले. पिशवी माझ्या हातात दिली. "लाडू हाईत. तिला दे."

मी लिहिताना कितीदा तरी या जागेवर थांबलो आहे. आधी बसवला नाही ते हावरटपणानं. ते पोरवयाचं समजून कुणी सोडूनही देईल. पण हे वाक्य मी घाबरून बोललो, आणि त्या वाक्यानं बापाला लेकीपासून तोडलं. परत येताना एसटीत ताई पुढच्या बाकावर होती आणि आबा मागच्या खिडकीला डोकं टेकून झोपले होते. शेंगदाण्याचे लाडू माझ्या मांडीवर होते. तिनं खाल्ले नाहीत, त्यांनी खाल्ले नाहीत, आणि मला ते गिळवले नाहीत.

त्यानंतर निळी माझी झाली. आणि मग कळलं की माझेही हात पुरत नाहीत. माझी उंची अजून भरायची होती. माळ्यावरचा स्टेम मलाही नेमका बसला असता, पण तो लावला असता तर आबांनी पाहिला असता, ताईनं पाहिला असता. म्हणून मी दोन वर्षं तसाच, ताणलेल्या हातांनी कालव्याच्या रस्त्यावरून एकटा फिरलो. मान दुखायची. बरोबर कुणी नसायचं. सायकल मिळाल्यावर घरातलं निरोपाचं कामही संपलं होतं. ताई माझ्याबरोबर आबांना काही सांगून पाठवत नव्हती, आणि आबाही तिला. लग्न होऊन ती इंदापूरला गेली. आबांनी लग्नात काही कमी केलं नाही. ते तिच्या घरी जायचे, चहा घ्यायचे, जावयाशी पावसापाण्याचं बोलायचे, परत यायचे. मी पुण्याला आयटीआयला निघालो त्या सकाळी आबा एकदम म्हणाले, "तो तुकडा ठिवलाय का रं? टाकू नको. पुढंमागं लागला तिला, तर आसंल." म्हणून मी तो डबा जन्मभर बरोबर घेऊन फिरलो. पुण्याची खोली, मग बारामतीतली भाड्याची घरं, आता एमआयडीसीकडचं हे दोन खोल्यांचं घर. बायकोनं एकदा डबा उघडला होता. हे काय, विचारलं तर मी म्हणालो, भंगार.

आबा गेले तेव्हा दहाव्याच्या दिवशी नदीवरून परतताना ताई माझ्या शेजारून चालत होती. म्हणाली, "मी त्यांच्याकडं जन्मात एकच गोष्ट मागितली, दत्त्या. ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्यांनी. पण त्यांचा काय दोष? हातच आखूड आपले." तिच्यापाशी सगळं बोलायची तीच वेळ होती. पण मला वाटलं, आज नको, आज तिचं दुःख ताजं आहे. नको म्हणायला मला नेहमीच काहीतरी सापडलं आहे.

यंदा दिवाळीनंतर तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हसत म्हणाली, "नात सायकल मागतीया. ती खाली वळलेल्या हँडलची. म्या म्हणलं, बाई, आपल्या घरातल्या बायकांचे हात आखूड. ती सायकल आपली न्हाय." मी फोन ठेवला. माझं खोटं आता त्या पोरीच्या अंगावर मापून शिवलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निळी काढली. टायर नवे होते, साखळीला तेल होतं. मी ती कधी बिघडू दिलेली नाही. लांब स्टेम तसाच ठेवला, आखूड पिशवीत घातला, नट सोडायचे पाने घेतले आणि इंदापूरला निघालो. या वयात तो रस्ता मला जड गेला. सणसर, लासुर्णे, अंथुर्णे. शेळगावच्या अलीकडे ती रसवंती आता नाही, तिथं टायरचं दुकान आहे. तिथं मी पाय टेकवला, तळहात बघितले आणि पुढं गेलो.

ताई अंगणात मेथी निवडत बसली होती. "आगंबया! सायकलवर? हाडं मोडून घ्यायचीत का?" तिनं पाणी दिलं. मी चहा नको म्हणालो आणि सायकल तिच्यापुढं उभी केली. "थांब जरा," म्हणालो आणि कामाला लागलो. हँडलची पट्टी एका बाजूनं उलगडली. ब्रेकचा दांडा काढला. स्टेमवरचा नट सैल करून लाकडाचा ठोका दिला, आत बसलेली पाचर सुटल्याचा आवाज आला. जुना स्टेम वर ओढून काढला, त्यातून हँडल सोडवलं. मग पिशवीतली चिंधी उलगडली. ती मेथी ठेवून जवळ आली होती. पितळेच्या रेघेवर तिचं बोट गेलं.

"हे काय?"

तो आखूड स्टेम नळीत उतरवून त्यात हँडल सरकवताना मी सगळं सांगितलं. स्वेटर, सुतळी, तुपाचा डबा, चुलीपुढं काय म्हणालो ते, आणि इंदापुरात आबांना काय म्हणालो ते. हातात काम होतं म्हणून सांगता आलं. नाहीतर नसतं आलं. सगळं सांगून झालं तेव्हा नट आवळून झाला होता.

ताईनं पितळेच्या रेघेवरून परत बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "म्हंजी आबांना वाटत गेलं, मला नको हुतं?"

"व्हय."

"शेवटपत्तुर?"

"व्हय, ताई."

ती सायकलला वळसा घालून आली. साडीचा पदर खोचला. कोपर सीटच्या टोकाला टेकवलं आणि हात पुढं केला. सुरकुतलेली बोटं हँडलला लागली. जराही कमी पडली नाहीत. तिनं हात तसाच ठेवला. ती माझ्याकडं बघत नव्हती.

मी काहीतरी पुटपुटलो. रस्ताभर पाठ केलेलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता, पण तो कुजबुजता नव्हता. "आता कुणी झोपल्यालं न्हाय घरात."

मी उभा राहिलो. पलीकडच्या घरातलं कुणीतरी दारात येऊन बघायला लागलं. त्या चाळीतून निघाल्यापासून मी इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो.

"चुकलं माझं, ताई," मी म्हणालो. "आबांनी ते तुझ्यासाठी केलं हुतं. मी तुला दिलं न्हाय. चुकलं माझं."